तळाला बसलेलं धुकं

धुकेमास्तर मुळात नळवाले. थिएटरात ते पहिल्यांदा गेले ते तिकीट काढून नव्हे, तर रंगपटातलं बेसिन तुंबलं होतं म्हणून. नटमंडळींनी तोंडं धुवून धुवून रंगाचा आणि साबणाचा असा काही लगदा नळीत बसवला होता, की मास्तरांना बेसिनखाली उताणं पडावं लागलं. त्याच खोलीत खिडकीपाशी एक मुलगी नाटकाचं बाड मांडीवर घेऊन ओठातल्या ओठात पुटपुटत बसली होती. मास्तरांची नजर तिच्याकडे गेली आणि हात हवेतच राहिला. पिशवीतलं हत्यार हवं होतं, पण त्याचं नाव काही केल्या तोंडी येईना. "ते हे... ते जरा ते..." असं त्यांचं चाललं होतं. मुलीने मानही वर न करता हळूच सांगितलं, "पाना."

तिचं कामच ते होतं. ती नाटक कंपनीतली प्रॉम्प्टर. पडद्याआड बसायचं, बाडावर नजर ठेवायची आणि नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानात पडेल, पण पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही, अशा बेताने पुरवायचा.

पुढे दोघांचं लग्न झालं. कंपनीत तिला सगळेच ताई म्हणायचे, पांढऱ्या केसांचे नटसुद्धा. त्यामुळे मास्तरांची मोठी पंचाईत झाली. अख्ख्या जगाच्या ताईला आपण काय हाक मारायची? शेवटी त्यांनी जन्मभर "अगं" वर निभावून नेलं, आणि ताईंनी "अहो" वर.

नळवाल्याचा धुकेमास्तर कसा झाला, तर हळूहळू. आधी थिएटरातले नळ, मग रंगमंचावरचं खोटं कारंजं, मग एका नाटकात नदीकाठचा प्रवेश आला आणि दिग्दर्शकाला पाण्यावर धुकं हवं झालं. मास्तरांनी पिंपात कढत पाणी ठेवून त्यात कोरडा बर्फ टाकला. पांढरंशुभ्र धुकं उसळलं, पण जड. ते नटांच्या घोट्यांच्या वर चढेना. रंगमंचाच्या कडेवरून खाली घरंगळलं आणि खाली बसलेल्या वादकांचे पाय गारठवून गेलं. पेटीवाला दुसऱ्या दिवशी लोकरीचे मोजे घालून आला. लोक हसले, पण धुकेमास्तर हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

दिग्दर्शक मोठा चिकित्सक माणूस. वाईट नव्हता, पण त्याच्या डोळ्यांना समाधान म्हणून नव्हतं. एकदा तालमीनंतर तो मास्तरांच्या शेजारी येऊन बसला.

"मास्तर, मला धुकं नको आहे."

"मग काय हवंय?"

"मला हवा दिसायला हवी. वरून दिव्याचा झोत पडला की तो झोत दिसला पाहिजे, खांबासारखा. पण धूर सोडलाय असं कोणाच्या मनातही येता कामा नये."

हे ऐकून दुसरा कोणी डोक्याला हात लावून उठला असता. मास्तरांची झोप उडाली, पण ती आनंदाने. त्यांनी महिनोन्महिने त्यावर खटपट केली. शेवटी एक यंत्र उभं राहिलं. बाहेरच्या बोळात हवा भरणारा पंप, तिथून आत आलेली नळी, तेलाचा डबा, आणि डब्याच्या तळाशी सुईच्या टोकाने पाडलेल्या छिद्रांची तोटी. तेलातून हवा खदखदत वर आली की तिच्याबरोबर तेलाचे थेंब उडायचे आणि डब्याच्या तोंडातून बाहेर पडायचे.

तेलही त्यांनी पारखून घेतलं होतं. रंग नाही, वास नाही, पाण्यासारखं स्वच्छ. दुकानदार म्हणाला होता, "हे औषधी तेल आहे, मास्तर. तान्ह्या बाळाला चोळतात. पोटात गेलं तरी काही होत नाही, झालंच तर कोठा साफ होईल." मास्तरांनी घरी येऊन ते चमचाभर पिऊनसुद्धा पाहिलं. दुकानदाराचं बोलणं खरं निघालं.

पहिल्या पहिल्या प्रयोगांत एक खोट राहिली. थेंब लहानमोठे उडत. मोठे लगेच खाली पडत आणि जमीन तेलकट होई. एका प्रयोगात राणीचं काम करणारी नटी पाय घसरून सिंहासनाऐवजी प्रधानाच्या मांडीवर बसली. मग मास्तरांनी डब्याच्या तोंडाशी आडवेतिडवे पत्रे बसवले. हवा पत्र्यांना वळसे घालून बाहेर येई. मोठ्या थेंबांना वळता येत नसे, ते पत्र्यावर आपटून तिथेच चिकटत आणि ओघळून पुन्हा डब्यात जात. बाहेर पडत ते फक्त अगदी बारीक. इतके बारीक की एकेकटा डोळ्याला दिसणारच नाही. ते खाली पडायला विसरल्यासारखे अख्खा अंक हवेत तरंगत राहत.

त्या संध्याकाळी वरून निळा झोत पडला आणि तो खरोखरच खांबासारखा उभा राहिला. प्रकाशवाल्याने दिवे टांगलेल्या वरच्या पुलावरून धावत खाली येऊन मास्तरांना मिठी मारली. दिग्दर्शक त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मास्तरांना आयुष्यात एवढा मान कोणी दिला नव्हता. नळ दुरुस्त केल्यावर लोक पाणी पितात, नळवाल्याकडे बघत नाहीत.

यंत्र कुठे ठेवायचं यावर मात्र घरात बोलणं झालं. डाव्या विंगेत बाजूच्या दाराने वारा यायचा आणि धुकं आपोआप रंगमंचभर पसरायचं. पण तिथेच काळ्या पडद्याआड ताईंचं स्टूल. नटांचा आवाज तिथून नीट ऐकू येई आणि नटांनाही ताईंचा.

"तुझं स्टूल पलीकडे नेऊ का?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या धुक्याला आणि मला एकच जागा आवडली, त्याला कोण काय करणार? राहू दे. मला काही त्रास नाही."

आणि खरंच नव्हता. वास नाही, खोकला नाही, डोळ्यांची जळजळ नाही. मास्तर प्रयोग सुरू झाला की यंत्र चालू करून प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहत. झोत तिथूनच चांगले दिसत. ताई आपल्या स्टुलावर. वर्षं अशीच गेली. त्यांची मुलगी मोठी झाली, तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली. यंत्राचा पंप दोनदा बदलला. नाटकं बदलली, नट म्हातारे झाले आणि जसजसे म्हातारे झाले तसतसं ताईंचं काम वाढत गेलं.

प्रॉम्प्टरचं काम बघणाऱ्याला बसल्याबसल्याचं वाटतं. तसं ते नाही. ताई प्रत्येक वाक्याच्या आधी तोंडाने सावकाश, खोल श्वास भरून घेत, आवाज न करता. नाकाने घेतला तर सूं होतो. मग तो श्वास आतच धरून ठेवायचा. नट बोलला तर सोडून द्यायचा, अडला तर त्याच श्वासावर शब्द पाठवायचा. नटाच्या चेहऱ्यावर जरा ढग आला की ताई तयार. एका नाटकात असं शेकडो वेळा. घरी आल्यावर त्या गमतीने म्हणायच्या, "आज त्या म्हाताऱ्याने मला इतका वेळ श्वास धरायला लावला, की पाण्याखाली असते तर मोती घेऊन वर आले असते."

खोकला सुरू झाला तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. साधा, कोरडा. ताई विंगेत खोकला दाबायला शिकल्या. मग जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबू लागल्या आणि थांबण्याला निमित्तं शोधू लागल्या. कधी चप्पल नीट करायची, कधी शेजारणीशी बोलायचं. मास्तरांना वाटलं वय झालं. ताईंनाही तेच वाटलं.

मग तो प्रयोग आला. म्हाताऱ्या नटाचं लांबलचक स्वगत होतं. मधेच तो थांबला. चेहऱ्यावर तोच ओळखीचा ढग. त्याने सवयीने डोळ्याच्या कोपऱ्यातून डाव्या विंगेकडे पाहिलं. ताईंनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि त्यातून काही आलंच नाही. वाक्य बाडावर समोर होतं, बोटही त्यावर होतं. पण छातीत वाक्याएवढी हवा नव्हती. नटाने पुन्हा पाहिलं. प्रेक्षागृहाच्या मागे उभ्या मास्तरांना एवढंच दिसलं, की झोतात उभा माणूस गप्प आहे आणि ती शांतता नाटकातली नाही. शेवटी नटाने स्वतःच्या मनाचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पडदा पडल्यावर तो तरातरा विंगेत आला, रागावलेला. आणि ताईंना पाहून त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांचे ओठ निळे पडले होते.

"ताई, अहो ताई, काय होतंय?"

ताईंनी हाताने 'काही नाही' अशी खूण केली. बोलता येत नव्हतं.

मग दवाखान्यांच्या वाऱ्या सुरू झाल्या. एकाने छातीत कफ म्हणून औषध दिलं, दुसऱ्याने जंतू म्हणून, तिसऱ्याने घरातल्या गाद्या उन्हात घालायला सांगितल्या. मास्तरांनी गाद्या उन्हात घातल्या. ताईंची धाप काही हटेना. शेवटी छातीच्या रोगांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे त्यांची रवानगी झाली. बाई तरुण होत्या आणि घाई करत नव्हत्या. त्यांनी छातीचे फोटो काचेवर लावले. दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी पांढुरके डाग होते, पिंजलेल्या कापसासारखे.

"तुम्ही नाकात तेल सोडता का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"पोट साफ व्हायला तेल वगैरे पिता?"

"नाही हो."

"काम काय करता?"

"वाक्यं सांगते," ताई म्हणाल्या. बाईंना कळलं नाही, तेव्हा मास्तरांनी समजावून सांगितलं. बाई हसल्या, म्हणाल्या, छान काम आहे. यंत्राचं कोणी बोललं नाही. मास्तरांच्या डोक्यातच आलं नाही. ज्या वस्तूला वास नाही, रंग नाही, तिची आठवण तरी कशी व्हावी?

मग ताईंच्या फुफ्फुसात बारीक नळी घालून थोडं मिठाचं पाणी सोडलं आणि परत ओढून घेतलं. आठवड्याने दोघं पुन्हा गेले तेव्हा बाईंच्या टेबलावर एक काचेची बाटली होती. आत दुधाळ पाणी, आणि वर एक पातळ, नितळ थर.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "बाटली ठेवून दिली तर वर हे आलं. हे तेल आहे. पण तुम्ही तर म्हणता तेलाशी तुमचा काही..."

मास्तरांनी न विचारता बाटली उचलली आणि तिरपी केली. थर काचेवरून सावकाश मागे सरकला. कसा सरकतो, काचेला किती वेळ धरून राहतो, हे त्यांनी आपल्या डब्याच्या झाकणावर इतक्यांदा पाहिलं होतं की डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"हे माझं आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माझ्या यंत्रातलं. मीच सोडतो हे. रोज."

बाईंनी सगळं विचारून घेतलं. यंत्र कसलं, कुठे असतं, ताई किती जवळ बसतात. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला. इतके दिवस न सुटलेलं कोडं सुटत होतं, त्यांचा काय दोष? पण समोर बसलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकत होती.

"पण ते तेल औषधी आहे," मास्तर म्हणाले. "मी स्वतः प्यायलोय."

"पोटात गेलं तर काहीच होत नाही, बरोबर आहे. हे फुफ्फुसात गेलंय."

"नाक असतं ना मधे. घसा असतो. मग तिथे का नाही अडकलं?"

बाईंनी कागद ओढला आणि नाक, घसा, खाली जाणारी नळी, तिचे दोन फाटे, त्या फाट्यांचे फाटे असं काढत गेल्या. "थेंब मोठा असला की नाकातच अडकतो. त्याहून लहान असला तर घशापर्यंत येतो. पण तिथे हवा एकदम खाली वळते आणि थेंबाला वळता येत नाही, तो मागच्या भिंतीवर आपटतो. त्याहून लहान असला तर या फाट्यांवर. तिथवर चिंता नसते. आत बारीक लव असते, ती आलेलं सगळं वर ढकलते. आपण खाकरतो, गिळतो, विषय संपला."

"आणि अगदी बारीक असला तर?"

"तो हवेबरोबर वळणं घेत थेट तळाला जातो. इथे, या शेवटच्या पिशव्यांत. तिथे लव नाही. झाडलोट करणाऱ्या पेशी असतात, त्या तेल गिळतात, पण त्यांना ते पचत नाही. मग आजूबाजूला सूज येते, हळूहळू जागा घट्ट होत जाते."

मास्तर कागदाकडे बघत राहिले. वळणं, आपटणारे थेंब, न वळता येणं. हे सगळं त्यांनी पत्रा कापून स्वतःच्या हाताने तयार केलं होतं.

"तसे अगदी बारीक थेंब बरेचसे आत जाऊन परत बाहेरही येतात," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "बसायला त्यांना वेळ लागतो. कोणी तोंडाने सावकाश, खोल श्वास घेतला आणि आत धरून ठेवला, तर मात्र पुष्कळ बसतात. दम्याच्या लोकांना आम्ही औषधाचा फवारा तसाच घ्यायला शिकवतो."

मास्तरांनी ताईंकडे पाहिलं. मग ताई हसल्या. हसता हसता खोकल्या, खोकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मला... शिकवायला नको. माझा हात बसलाय." मास्तरांना त्या विनोदावर हसता येईना आणि रडताही येईना. ते नुसते तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

बाईंनी मास्तरांच्याही छातीचा फोटो काढायला लावला. तो अगदी स्वच्छ निघाला. लांब उभे राहायचात, धुकं तिथे येईस्तोवर विरळ होत असेल, नाकाने श्वास घेत असाल, असं काहीबाही कारण बाईंनी सांगितलं. परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, "चला, तुम्ही तरी सुटलात." मास्तरांना आपल्या स्वच्छ छातीचा इतका राग आला, की ती कोणाला तरी देऊन टाकता आली असती तर त्यांनी रस्त्यात उभं राहून दिली असती.

त्याच दिवशी ते थिएटरात गेले. दिग्दर्शकासमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं होतं, वाद होईल, प्रयोग कसा थांबवायचा यावरून बोलाचाली होईल. आपण भांडू, आणि भांडलं की निदान काहीतरी केल्यासारखं वाटेल. पण दिग्दर्शकाचं तोंड पांढरं पडलं. तो एवढंच म्हणाला, "बंद करा. आत्ता. कायमचं." प्रकाशवाला खाली मान घालून उभा होता. पुढच्या आठवड्यात कंपनीतल्या सगळ्यांच्या छात्या तपासल्या. कोणाला काही निघालं नाही. मास्तर भांडायच्या तयारीने गेले होते, आणि भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं.

यंत्र त्यांनी एकट्याने खोललं. बोळात बसून एकेक पत्रा काढला. पत्र्यांवर तेलाचा चिकट थर होता, वर्षानुवर्षांचा. हे सगळे मोठे थेंब. जे तिच्या नाकात अडकले असते, घशाला लागले असते, ती खोकली असती, त्रास होतोय म्हणाली असती, आणि मग स्टूल पलीकडे गेलं असतं. तेवढेच नेमके मास्तरांनी अडवून ठेवले होते. त्यांनी पत्रे पुसले. पुसून भिंतीशी उभे करून ठेवले. त्यांचं पुढे काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून तिथेच ठेवून ते घरी गेले.

मोठ्या इस्पितळात फुफ्फुस धुतात असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मास्तरांच्या जिवात जीव आला. धुणं म्हटलं की त्यांना समजत होतं. तुंबलेली कुठलीच नळी त्यांच्यासमोर कधी टिकली नव्हती.

"सगळं निघेल?" त्यांनी विचारलं.

"निघेल तेवढं निघेल."

"नळी मोकळी व्हायलाच हवी. पाण्याचा दाब जरा वाढवला तर..."

"काका, ही नळी पुढे पुढे वीस-बावीस वेळा फाटत जाते," बाई मऊपणाने म्हणाल्या. "शेवटी टाचणीच्या टोकाएवढी. आणि पिशव्या तर कोट्यवधी. दाब नाही लावता येत."

ताईंना भूल दिली. एका फुफ्फुसाला श्वास चालू ठेवून दुसऱ्यात मिठाचं कोमट पाणी सोडायचं, पाठीवर थापट्या मारायच्या, पाणी काढून घ्यायचं, पुन्हा सोडायचं. मास्तर बाहेर बाकावर बसून होते. मुलगी आली होती, ती शेजारी. दाराच्या काचेतून मधूनमधून परिचारिका बाटल्या नेताना दिसे. पहिल्या बाटल्या दुधासारख्या, मग ताकासारख्या, मग गढूळ पाण्यासारख्या.

"बाबा, आई तुम्हाला काही बोलली का?" मुलीने विचारलं.

"कशाबद्दल?"

"यावरून. रागावली वगैरे?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही गं." आणि मग जरा थांबून, "रागावली असती तर बरं झालं असतं."

मुलीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

काही दिवसांनी दुसरं फुफ्फुसही धुतलं. ताईंच्या ओठांना रंग आला. घरी आल्या तेव्हा दोन वाक्यं सलग बोलता येत होती. मास्तरांना वाटलं, निभावलं. पण ते वाटणं फार टिकलं नाही. तेल बरंचसं निघालं होतं. पण ज्या जागा आधीच घट्ट झाल्या होत्या, त्या घट्टच राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिले, औषधं बदलली, पुन्हा पाहिले. एकदा त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आता आहे ते सांभाळायचं." मास्तरांनी मान डोलावली. ताईंनीही डोलावली, जणू बाईंनाच धीर देत होत्या.

घरात प्राणवायूचं यंत्र आलं. एका नळीवर दोन छोटी टोकं, ती नाकात. मास्तर त्या यंत्राची गाळणी धूत, नळी पुसत, पाण्याची बाटली भरत, आणि हे सगळं झालं की पुन्हा पहिल्यापासून तपासत. ताईंना हसू येई. "अहो, ते बिघडलेलं नाही." मास्तरांना ठाऊक होतं. बिघडलेलं असतं तर दुरुस्त तरी केलं असतं. जे बिघडलं होतं तिथे त्यांचा पाना पोहोचत नव्हता.

ताईंचं बोलणं तुटत चाललं. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. एके दुपारी त्या म्हाताऱ्या नटाची काहीतरी गंमत सांगत होत्या. "आणि मग तो म्हणाला... की माझी..." थांबल्या. छाती वरखाली होत होती. मास्तरांना ती थांबलेली बघवेना.

"तलवार," त्यांनी पुरवलं. "माझी तलवार कुठे आहे."

ताईंनी मान झटकली. डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि आवाजात मास्तरांनी कधी न ऐकलेली धार. "मला... आठवतंय. मला... सगळं... आठवतंय. शब्द... आहेत. श्वास... नाही."

मास्तर खाली मान घालून बसले. त्यांना वाटलं, आता येईल, इतके दिवस जे आलं नाही ते आता येईल. पण ताईंना तेवढंच बोलायचं होतं. दम खाऊन झाल्यावर त्यांनी गंमत पूर्ण सांगितली, एकेक शब्द करून. बराच वेळ लागला. मास्तरांनी मधे एकही शब्द पुरवला नाही, आणि शेवटी दोघं थोडं हसले.

जिना आता ताईंना शक्यच नव्हता. महिनोन्महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. मास्तरांनी दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर एक खोली पाहिली आणि एका सकाळी सामान हलवलं. आधी ताई. दोन हमालांनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीच उचलली. मास्तर मागून प्राणवायूचं छोटं नळकांडं घेऊन. नळी आखूड होती. मास्तर एक पायरी मागे राहिले की नळी ताणली जाई आणि ताईंची मान मागे ओढली जाई. पुढे गेले तर हमालाच्या टाचेवर पाय पडे. मागचा हमाल वैतागून म्हणाला, "काका, एक काहीतरी करा. पुढे तरी या नाहीतर मागे तरी राहा."

"त्यांना... जमायचं नाही ते," ताई खुर्चीतून म्हणाल्या. हमालही हसला. शेजारणी दारात उभ्या होत्या. कोणी "येत जा" म्हणालं नाही, "भेटायला येतो आम्ही" म्हणाल्या.

नवी खोली खोल आणि अरुंद होती. ताईंना पलंगावर बसवून मास्तरांनी यंत्र लावलं, त्याची घरघर सुरू झाली. मग सामान येत गेलं. भांडी, गाद्या, पेट्या. शेवटी लोखंडी कपाट. ते दारातून आडवं करून आत घेतलं, आणि मग हमाल ते तोलून धरून उभे राहिले.

"काका, कुठे ठेवायचं?"

मास्तरांनी खोली पाहिली. इकडे ठेवलं तर खिडकी जात होती. तिकडे ठेवलं तर यंत्राची नळी पलंगापर्यंत पोहोचत नव्हती. दाराशी ठेवलं तर दार उघडत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. हमालांचे हात थरथरायला लागले होते.

"काका, लवकर सांगा."

ताईंनी पलंगावरून बोट उचलून खिडकीकडे दाखवलं. हमालांनी कपाट खिडकीपुढे टेकवलं, हात झाडले आणि पाणी पिऊन निघून गेले. खोलीत अंधार झाला. मास्तरांनी दिवा लावला.

"उजेड गेला गं," ते म्हणाले.

"असू दे." मग श्वास. "बसा... जरा."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. गाद्या सोडायच्या होत्या, भांडी लावायची होती, यंत्राची जादाची गाळणी प्रवासात कुठे गेली ते शोधायचं होतं. ते बसून राहिले. ताईंनी डोळे मिटले होते, आणि छाती भराभर वरखाली होत होती, खूप काम करून आलेल्या माणसासारखी.